फॉर्च्युनरला ओल्ड मॅन इमूचा सस्पेन्शन किट: उंची वाढली ते सोडा, डोलायची थांबली का?

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते मोकळे. गाडी २०१८ ची फॉर्च्युनर, २.८ डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. मूळचे शॉकअप आणि स्प्रिंगा काढून चारी बाजूंना ओल्ड मॅन इमू या ऑस्ट्रेलियन ब्रँडचा नायट्रोचार्जर स्पोर्ट किट (नवे शॉकअप आणि स्प्रिंगा) बसवला आणि एक अख्खा पावसाळा अन् त्याच्या पुढचा उन्हाळा त्याच्यावर काढून झाला. घाटात गाडी सुधारली, भरपूर सुधारली. हायवेला पण. गावातल्या गल्लीत मात्र, एकटाच असलो आणि वीसच्या स्पीडनं चाललो असलो तर पैसे वसूल झाले असं काय वाटत नाही. आणि जे लोक नुसती गाडी दोन इंच उंच दिसावी म्हणून हा खर्च करणार आहेत त्यांनी कृपया पुढचं वाचून मगच ॲडव्हान्स द्यावा.

ही गाडी मुळात डोलते का ते बघू. लॅडर फ्रेमवरची, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावरची गाडी, वजन दोन टनांच्या वर, उंची १८३५ मिलिमीटर. पुढं डबल विशबोन (प्रत्येक चाकाला खाली-वर दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागं सलग ॲक्सल, म्हणजे आपले गॅरेजवाले ज्याला हौसिंग म्हणतात ते, त्याला चार लिंक, एक आडवा रॉड आणि कॉइल स्प्रिंग. हायलक्स आणि क्रिस्टा याच घराण्यातल्या, हायलक्सला मागं पाटे आहेत एवढाच मोठा फरक. आता सलग ॲक्सल म्हटल्यावर मागचं एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हलावंच लागतं, आणि तो ॲक्सल स्वतःच इतका जड आहे की तो वर आला की मागच्या सीटवरचा माणूस पण वर जातो. हा काय दोष म्हणून सांगत नाही, हीच रचना आहे म्हणून ही गाडी उसाच्या शेतातनं ओव्हरलोड निघते आणि वर्षानुवर्षं टिकते. मजबुती पाहिजे तर थोडे हादरे घ्यायला लागतात. प्रश्न एवढाच की ते किती कमी करता येतात.

बऱ्याच जणांचा एक घोळ असतो. स्प्रिंग वजन धरते आणि उंची ठरवते. शॉकअप वजन धरत नाही, तो फक्त स्प्रिंगच्या हालचालीला आवर घालतो, दाबताना थोडा आणि परत उघडताना जास्त. गाडी डोलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, स्पीडब्रेकरनंतर दोन-तीन हेलकावे खाते, हे सगळं शॉकअपचं दुखणं आहे, स्प्रिंगचं नाही. आणि लोक काय करतात, तर कडक स्प्रिंग टाकतात! कडक स्प्रिंग जास्त जोरात उघडते, तिला आवरायला आणखी ताकदीचा शॉकअप लागतो, तो नसला तर गाडी आधीपेक्षा जास्त उड्या मारते. बाजारात स्प्रिंगच्या वेढ्यात घालायचे रबरी बफर मिळतात, त्याची पण हीच गत, थोडे वेढे काम करायचे बंद होतात आणि स्प्रिंग कडक होते, शॉकअप बिचारा तोच. गाडी ‘टाइट’ झाल्यासारखी वाटते आणि माणूस खूश होतो, पण खराब रस्त्यावर टायर जमीन सोडतो त्याचं काय.

माझे मूळचे शॉकअप नव्वद हजार किलोमीटरच्या पुढं गेलेले होते. गळत नव्हते. शॉकअप गळला नाही म्हणजे चांगला आहे असं सर्व्हिस सेंटरपासून चौकातल्या मिस्त्रीपर्यंत सगळे सांगतात, ते खरं नाही. आतलं तेल, वाल्व, सील सगळं हळूहळू झिजतं, रोज थोडं थोडं, त्यामुळं चालवणाऱ्याला कळतच नाही, तो नकळत स्पीड कमी करत जातो आणि म्हणतो रस्ते खराब झालेत. (रस्ते पण झालेतच म्हणा.) बॉनेटवर हात देऊन दाबायची टेस्ट या वजनाच्या गाडीला उपयोगाची नाही. त्यापेक्षा कुणाला तरी बाजूला उभं करा, गाडी चाळीसच्या आसपास बारक्या उंचवट्यावरून न्या आणि त्याला मागचा भाग बघायला सांगा. एकदा बसून गप्प झाला तर ठीक. परत वर येऊन परत बसला तर शॉकअप गेले.

किटचे पैसे खर्च करायच्या आधी दोन गोष्टी कराच. एक, टायरातली हवा. पंपावरचा पोरगा मोठी गाडी दिसली की न विचारता चाळीस भरतो. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर स्टिकर आहे, त्यावर लिहिलंय तेवढी थंड टायरला भरा आणि आठवडाभर चालवा, काही जणांचं अर्धं दुखणं तिथंच जाईल, फुकटात. दुसरं, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), जंपिंग रॉडच्या, म्हणजे गाडीचं कलणं आवरणाऱ्या रॉडच्या लिंका, बॉल जॉइंट, आणि मागच्या लिंकांचे रबर तपासून घ्या. हे सैल असताना कितीही भारी शॉकअप टाका, खडखड तशीच राहणार आणि दोष नवीन सामानाला लागणार. आणि तिसरी गोष्ट ऐकायला कुणाला आवडत नाही, तरी सांगतो: मूळचेच नवे कोरे शॉकअप चार टाकले तरी गाडी खूप सुधारते आणि खर्च किटपेक्षा बराच कमी येतो. गाडी फक्त पुणे-मुंबई एक्सप्रेसवे आणि ऑफिस अशी चालत असेल तर तेच करा, इथं वाचणं थांबवलं तरी चालेल.

मी किट घेतला कारण माझं चालवणं वेगळं आहे. राहायला कराडला, कामानिमित्त चिपळूणला सारखं जाणं, म्हणजे पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. पावसाळ्यात तो रस्ता कसा होतो ते त्या बाजूच्या लोकांना सांगायला नको. घाटाची वळणं, वळणातच खड्डा, खड्ड्यात पाणी म्हणून खोली कळत नाही, आणि समोरनं लोड घेतलेला ट्रक. अशा ठिकाणी गाडी वळणात असताना मागचं चाक उचलून बाजूला सरकतं ना, ते मला नको होतं. उंची नको होती, उंची किटबरोबर आपोआप आली.

पर्याय तीन-चार बघितले. बिलस्टीनचे मोनोट्यूब एक. मोनोट्यूबमधे एकच नळी, पिस्टन मोठा, गॅस वेगळ्या कप्प्यात जास्त दाबाखाली, आणि नळीची भिंत थेट हवेत असल्यामुळं तेल लवकर थंड होतं. हायवेला, स्पीडला असला शॉकअप भारी. पण त्याच्या नळीला दगड लागून पोचा पडला तर आतला पिस्टन तिथंच अडकतो. ट्विन ट्यूबला बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी आतल्या नळीचं काम बहुतेक वेळा चालू राहतं. आमच्याकडच्या डायव्हर्जनवर टायरखालचा दगड कुठं उडेल सांगता येत नाही म्हणून मी ट्विन ट्यूबकडं वळलो. मग फोम सेलवाले आयर्नमन आणि टफ डॉग होते, त्यात गॅसऐवजी फोम भरलेला असतो, उद्देश तोच, तेलात हवा मिसळून फेस होऊ नये. फेस झाला की शॉकअपची पकड जाते. लांबलचक खडबडीत रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी अचानक ढिली वाटायला लागते ती यामुळंच. टफ डॉगकडे हातानं नॉब फिरवून कडकपणा बदलायचे पण मिळतात, मला माझा स्वभाव माहितीये, एकदा सेट केलं की मी कधी त्या गाडीखाली वाकणार नाही.

ओल्ड मॅन इमू हा ऑस्ट्रेलियातल्या एआरबीचा ब्रँड, एआरबी म्हणजे १९७५ पासूनची मेलबर्नची कंपनी. नायट्रोचार्जर स्पोर्ट हा त्यांचा नायट्रोजन गॅस भरलेला ट्विन ट्यूब शॉकअप, यांच्या महागड्या बीपी-५१ सारखा बाहेरनं ॲडजस्ट होणारा नाही. याच्यावरचा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आता सांगतो, तो नीट वाचा, कारण दुकानात हे कुणी समजावून सांगत नाही.

हा किट म्हणजे एक ठरलेला डबा नसतो. स्प्रिंगा वजनाप्रमाणं वेगवेगळ्या येतात. पुढची हलकी स्प्रिंग मूळच्या बंपरसाठी, जड स्प्रिंग लोखंडी बुल बार आणि विंच लावलेल्या गाडीसाठी. मागं पण तसंच, रिकाम्या किंवा थोड्या सामानाच्या गाडीसाठी एक, आणि ज्यांच्या गाडीत कायमचं शेकडो किलो वजन असतं, ड्रॉवर, फ्रिज, पाण्याची टाकी, वर तंबू, त्यांच्यासाठी दुसरी. ऑस्ट्रेलियात लोक खरंच असे फिरतात म्हणून तो कॅटलॉग तसा आहे. आपल्याकडं बुल बार २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्र सरकारनं बंदच केलेत, म्हणजे पुढं जड स्प्रिंग टाकायचं कारणच उरत नाही. तरी दुकानदार जड सेट गळ्यात मारतात, कारण शिल्लक तोच असतो, किंवा गिऱ्हाईकच म्हणतं ‘एकदम हेवी ड्युटी द्या’. आपल्याकडं हेवी ड्युटी म्हटलं की चांगलंच असणार असा एक समज आहे. रिकाम्या गाडीखाली जड स्प्रिंग म्हणजे कमरेला शिक्षा. तुमच्या गाडीत बारा महिन्यांत सगळ्यात जास्त दिवस किती वजन असतं ते आधी काढा. मे महिन्यात एकदा रत्नागिरीहून पेट्या भरून आणता ते धरू नका, ते कधीतरीचं वजन. मी पुढं हलकी आणि मागं हलकीच घेतली, दुकानदार नाराज झाला, मागवायला थोडे आठवडे लागले, पण थांबलो ते बरं झालं.

फिटिंग पुण्यातल्या एका ऑफरोडवाल्या वर्कशॉपमधे केलं, काम मनासारखं झालं. तरी तुम्ही कुठंही करा, उभं राहून करून घ्या आणि या गोष्टी बघा. गाडी उचलायच्या आधी चारी चाकांची उंची मोजायची, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत, आणि लिहून ठेवायची. नंतर परत मोजायची. यावरून खरी किती उचलली ते कळतं, नाहीतर जो तो दोन इंच सांगतो. माझी पुढं चाळीस मिलिमीटरच्या आसपास उचलली, मागं त्याहून जरा कमी, नंतर स्प्रिंगा रुळल्यावर थोडी खाली बसली, ते नॉर्मल आहे. पुढची स्प्रिंग दाबायला कॉम्प्रेसर चांगल्यातला पाहिजे, जुगाड करून दोन हुक लावून दाबणारा दिसला तर चावी घ्या आणि निघा, ती स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. वरचे माउंट त्याच वेळी बदलून टाका, परत तेवढ्यासाठी सगळं खोलायला लागतं.

आणि एक सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बुशमधनं जाणारे बोल्ट गाडी रॅम्पवर हवेत असताना फायनल आवळायचे नाहीत. आधी हातानं लावायचे, गाडी खाली चाकांवर उतरवायची, थोडी पुढं-मागं हलवून बसू द्यायची आणि मग टॉर्क रेंचनं आवळायचे. हवेत आवळले तर रबर त्या लटकलेल्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. मग काही महिन्यांत बुश फाटतात, आणि राइड पण पहिल्या दिवसापासून विनाकारण कडक लागते. माझ्या समोरच्या फिटरनं न सांगता तसंच केलं, मी विचारलं तर म्हणाला, “दादा, ह्यात पाच मिनिटं जास्त जातात म्हणून कोण करत नाही, अन् मग गिऱ्हाईक म्हणतंय किट खराब.” त्याला चहा पाजला.

अलाइनमेंटचं मात्र रामायण झालं. घराजवळच्या एका ठिकाणी केलं (नाव लिहीत नाही), त्यानं फक्त टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, जुळवला आणि झालं म्हणाला. गाडी उचलली की पुढचे कोन सगळेच बदलतात, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं झुकाव) कमी होतो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतो. कॅस्टर कमी झाला की स्टिअरिंग सरळ रस्त्यावर हलकं आणि भटकं वाटतं, वळणातनं परत यायला आळस करतं. हायवेला ऐंशीच्या वर मला सारखं दुरुस्त करत राहायला लागत होतं आणि मी उगाच किटवर शंका घेत बसलो होतो. या गाडीच्या लोअर आर्मला ॲडजस्ट करायचे बोल्ट असतात, त्यावर कॅस्टर-कॅम्बर दोन्ही आणता येतं, दुसऱ्या ठिकाणच्या पोरानं तासभर घालवून ते आणलं आणि आधीचा-नंतरचा प्रिंट हातात दिला. गाडी त्याच दिवशी सरळ झाली. प्रिंट मागा. देत नसेल तर तिथं करू नका. चाळीस-पन्नास मिलिमीटरपर्यंत हे जमतं, त्याच्या वर गेलात की वेगळे अप्पर आर्म आले, पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढला, मागचा आडवा रॉड ॲक्सलला एका बाजूला ओढायला लागला म्हणून तो पण ॲडजस्टेबल घ्या, खर्चाला शेवट नाही. हो, आणि हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरचा प्रत्येक जण तुम्हाला अप्पर मारेल आणि तो बरोबर असेल.

आता चालवायला कशी आहे. कुंभार्लीत पहिल्याच उतारात फरक कळला. आधी वळणात शिरताना गाडी एकदम कलायची, मग एक क्षण थांबून सावरायची, आणि पुढचं वळण उलट्या बाजूचं असलं की सगळं वजन धपकन दुसरीकडं. आता कलते, कलणारच, एवढ्या उंचीची गाडी आहे, पण हळू आणि एका दमात कलते, आणि कलली की तिथं थांबते. त्यामुळं स्टिअरिंग एकदा दिलं की परत द्यायला लागत नाही. वळणातल्या खड्ड्यात मागचं चाक जायचं आणि शेपूट बाजूला सरकायची ते पूर्ण गेलेलं नाही, सलग ॲक्सल आहे तोवर जाणार पण नाही, पण आधी काळजात धस्स व्हायचं, आता नुसतं ‘हं’ होतं. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं बरंच कमी झालं. ब्रेक मात्र तेच आहेत, थांबायचं अंतर काही जादूनं कमी होत नाही, हे घाटात मोकळे सुटणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

सातारा-कागल सहापदरीच्या कामामुळं हायवेवर जी डायव्हर्जनं आहेत तिथं किट खरा चमकला. डांबर संपून खडी, मग काँक्रीटची कड, मग परत डांबर, असं पन्नास-साठच्या स्पीडला आलं की आधी धाड असा आवाज यायचा आणि गाडी नंतर डोलत राहायची. आता आवाज येतो पण ‘धप’ आणि विषय संपला. लांब खडबडीत पट्ट्यावर शेवटपर्यंत तशीच राहते, गरम होऊन ढिली पडत नाही. समृद्धीवर एकदा पूर्ण लोड घेऊन शिर्डीपर्यंत नेली, १२० ला काँक्रीटच्या जोडांवरची ती बारीक टप-टप मात्र आधीपेक्षा जास्त जाणवते, पण लेन बदलताना गाडी एका तुकड्यात हलते, वारा आडवा लागला तरी भटकत नाही.

शहरात, एकटा असताना, बारीक खड्डे आणि ते पांढऱ्या पट्ट्यांचे रंबलर, इथं मूळचा सेट जास्त मऊ होता. इथं नवा किट कडक लागतो. मागं दोघं बसले आणि डिकीत थोडं सामान पडलं की लगेच मऊ होतो, म्हणजे याला वजन आवडतं. स्टिअरिंगला खड्ड्यातनं येणारे झटके तसेच आहेत, हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे, ते शॉकअपनं जात नाहीत. ॲव्हरेजमधे सांगण्यासारखा फरक नाही.

मधल्या सीटवरचा रिपोर्ट आईकडून. तिला घाटात गाडी लागायची, आल्याची वडी आणि लिंबू घेऊन बसायची. यावेळी चिपळूण आल्यावर म्हणाली, “पोटातलं ढवळायचं कमी झालं रे, पण तू ही गाडी अजून वर कशाला नेलीस? आता चढायला स्टूल देणार हाईस का मला?” दोन्ही मुद्दे बरोबर. मळमळ ती हळू डोलण्यानं होते, बारीक हादऱ्यांनी नाही, आणि डोलणं कमी झालं. चढायला मात्र खरंच त्रास आहे, गुडघे दुखणारं माणूस घरात असेल तर खालची पायरी लावायचा खर्च धरूनच चला. तिसऱ्या रांगेबद्दल मुलांनी काहीच सांगितलं नाही, मोबाइलमधे होती. बिल्डिंगच्या बेसमेंटला उंचीची पाटी असेल तर ती पण वाचून या.

खर्च, सामान, फिटिंग, माउंट, दोन वेळचं अलाइनमेंट धरून दीड लाखाच्या वर गेला. इम्पोर्टेड माल, भाव डॉलरसारखा हलतो, त्यामुळं माझ्या आकड्यावर भांडू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि कोटेशनमधे स्प्रिंगचे पार्ट नंबर लिहून घ्या म्हणजे कुठल्या वजनाच्या आहेत ते कॅटलॉगात बघता येतं. नुसतं ‘फॉर्च्युनर किट’ असं लिहिलेलं कोटेशन परत करा. याच्या तुलनेत बाजारात पुढच्या शॉकअपवर ठेवायचे लोखंडी नाहीतर फायबरचे स्पेसर काही हजारात मिळतात. उंची मिळते, बाकी काही नाही, उलट शॉकअप उघडताना लवकर शेवटाला जाऊन ठोकायला लागतो. फोटोत दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात हीच तर अडचण आहे.

कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळ्या होतील असा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण ते ठामपणे सांगितलंय. मूळच्या जागी बसणारा शॉकअप वेगळा आणि सहा इंच उचलून बाहेर आलेले टायर वेगळे, हे आपल्याला कळतं, पण रस्त्यावर अडवणाऱ्याशी वाद कोण घालणार, म्हणून कमीत कमी उंचीत राहा. इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा. वॉरंटी चालू असेल तर संपेपर्यंत थांबलेलं बरं, सस्पेन्शनशी संबंधित क्लेम आला की वाद होणार हे गृहीत धरा.

वर्कशॉपवाला जुने शॉकअप आणि स्प्रिंगा ‘टाकून देतो’ म्हणेल, देऊ नका. शॉकअप गेलेले असले तरी स्प्रिंगा सहसा चांगल्या असतात. पुढं गाडी विकायला काढली आणि गिऱ्हाईक मूळ सेटच मागत असलं तर त्या स्प्रिंगा आणि चार नवे मूळचे शॉकअप घालून किट वेगळा विकता येतो, जुन्या किटला चांगला भाव मिळतो. माझ्या गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवल्यात, मधनं मधनं तेलाचा हात मारतो म्हणजे गंज धरत नाही.